टिटवीनं भरलेला सरपंचाचा अर्ज

जगात जो ब्राउझर अजून धड जन्मलासुद्धा नव्हता, तो आष्टीत माझ्या दुकानात रांगत होता. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलंय, की बसस्थानकासमोरचा चहावाला मला येताना पाहून आधी हेच वाक्य म्हणतो आणि मग साखर किती टाकू ते विचारतो. आता तुम्हीही ऐकून घ्या. अर्ध्याच्या वर खरं आहे.

माझा धंदा ऑनलाइन सेंटरचा. तहसीलच्या रस्त्याला एक गाळा, त्यात चार संगणक, एक झेरॉक्स मशीन, एक लॅमिनेशनचं यंत्र, आणि या सगळ्यांवर अन् माझ्यावर देखरेख करणारी आमची मंडळी, विमल. सरकारनं जाहीर केलं की आता सगळं घरबसल्या मिळेल, आणि त्या दिवसापासून सगळा तालुका घरातून उठून माझ्याकडं यायला लागला. पीकविमा, शिष्यवृत्ती, दाखले, निकाल. लोक मला नेटवाले नाना म्हणतात.

या धंद्यात माणसं कशी भेटतात म्हणता? एकदा एक म्हातारा आला. त्याला आपला सातबारा बघायचा होता. पुतण्याच्या मोबाईलवर त्यानं तो पाहिला होता, पण मनाला पटला नव्हता. म्हणाला, "मोबाईलात रान लई बारीक दिसतं, नाना. तुमच्या मोठ्या टीव्हीवर दावा." मी दाखवला. त्यानं डोळे बारीक करून बराच वेळ पाहिला, खूश झाला आणि म्हणाला, "हां, आता बरुबर हाय. पर बांधावरची बाभळ कुठं गेली?" दुसरा एक गडी पोराचा दहावीचा निकाल छापून घेताना हळूच कानाशी आला. "नाना, छापता छापताच गणिताचं जरा वाढवा की. तुमच्याच मशीनीतनं तर निघतंय!" खरं सांगायचं तर असं ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं होतं की सगळं माझ्याच मशीनीतून निघतं. पुढचा सगळा घोटाळा या वाटण्यातूनच झाला.

आता ब्राउझर म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे नंतर अडायला नको. इंटरनेटवर गावंच गावं आहेत असं समजा. त्या गावांना जायला जी काळीपिवळी जीप लागते, ती ब्राउझर. तुम्ही गावाचं नाव सांगायचं, ती नेऊन सोडते. मोठ्या कंपन्यांच्या जीपा गुळगुळीत असतात, पण त्या इतक्या जड झाल्या की माझ्या जुन्या संगणकांना ओढवेनात. संगणक असे तापायचे की एका थंडीत मांजरीनं कॅबिनेटमागं पिल्लं घातली. ती पिल्लं मोठी होऊन उंदीर धरायला लागली, तरी एका पोराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म 'लोड होत आहे' इथंच होता.

तेव्हा मी हलकी जीप शोधत निघालो आणि मला हा नवा ब्राउझर सापडला. ओपन सोर्स. म्हणजे गावच्या सप्ताहातला स्वयंपाक म्हणा. कुणी पीठ आणतं, कुणी डाळ, कुणी जळण. पगार कुणाला नाही, आणि चुलीपाशी जाऊन कुणीही झाकण उघडून आत काय शिजतंय ते बघू शकतो, वाटलं तर मीठही टाकू शकतो. जगभरातली अशी हौशी माणसं मिळून हा ब्राउझर शिजवत होती. मी गाठली ती अगदी सुरुवातीची आवृत्ती. म्हणजे डाळ नुसती चुलीवर चढली होती आणि मी ताट मांडून बसलो होतो.

उतरवून घेतानाच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की हा फक्त तपासून बघण्यासाठी आहे, रोजच्या कामाला वापरू नका. मी ते तंबाखूच्या पुडीवरचं वाचतो तसं वाचलं. मान हलवली आणि पुडी सोडली.

पहिल्याच दिवशी बातम्यांची साईट उघडली. मजकूर सगळा डाव्या कडेला चिकटलेला आणि फोटो सगळे तळाला एकावर एक, कीर्तन सुटल्यावर मंडपाबाहेर चपला पडलेल्या असतात तसे. एका पुढाऱ्याच्या धडावर ट्रॅक्टरची जाहिरात आणि ट्रॅक्टरवर पुढाऱ्याचं डोकं. मागं जायचं बटण दाबलं की तो पुढं जायचा. तिसरी साईट उघडली की पहिल्या दोन घेऊन मरायचा, आणि मरताना 'टिंऽऽ' असा आवाज करायचा.

"ही टिटवी कुठनं धरून आणली?" विमल झेरॉक्सवरून ओरडली. "वरडली की कायतरी इपरीत होतंयच."

त्याचं मूळ इंग्रजी नाव घेताना माझी कवळी हलते, म्हणून मीही टिटवीच म्हणायला लागलो. तोवर ब्राउझर 'तो' होता, त्या दिवसापासून 'ती' झाला.

अशा पहिल्या आवृत्तीचा एक रिवाज असतो. बिघाड दिसला की बनवणाऱ्यांना लिहून कळवायचं. वापरणाऱ्याचं खरं काम तेच. माझं इंग्रजी म्हणजे अर्जाचं इंग्रजी. माझी प्रत्येक तक्रार 'आदरणीय महोदय'नं सुरू व्हायची आणि 'आपला विश्वासू'नं संपायची. पहिलीच तक्रार अशी होती: 'महोदय, कळवण्यास अत्यंत दुःख होते की आपला ब्राउझर आज सकाळी आमच्या दुकानात वारला.' कुठल्याशा बर्फाळ देशातून इंग्रिड नावाच्या बाईंचं उत्तर आलं. त्या या स्वयंपाकातल्या एक आचारीण. त्यांनी विचारलं होतं, की हे पुन्हा कसं घडवून आणता येईल ते सांगाल का?

मी विमलला वाचून दाखवलं. तिनं कपाळाला हात लावला.

"आपण इचारतोय बंद कसं करायचं, आन् ही बाई म्हणती पुन्हा करा! तिला म्हणावं, हितं येऊन चार दिस ऱ्हा. न घडवता घडतंय."

पण बाईंचं बरोबर होतं. गाडीचा आवाज मेकॅनिकपुढं गेलं की बंद होतो, तसंच हे. बिघाड हुकमी घडवून दाखवता आला, तरच तो दुरुस्त करता येतो. मग मी रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की टिटवीला पाडायला बसायचो. कुठल्या बटणावर पडते, कुठल्या कोपऱ्यात पडते, मराठी टाईप केल्यावर पडते की करायच्या आधीच. ब्राउझर पाडण्यात माझा हात धरणारा सगळ्या मराठवाड्यात कुणी नव्हता. मी तक्रारी धाडायचो, इंग्रिडबाई दुरुस्त करायच्या, आणि नवी आवृत्ती आली की मी नव्या ठिकाणी पाडायचो.

एका आवृत्तीच्या शेवटी त्यांनी मदत करणाऱ्यांची नावं छापली. चिक्कार नावं. त्यात खाली, पार खाली, माझं नाव आणि त्यापुढं 'आष्टी'. मी पेढे वाटले. ही बातमी आबासाहेबांपर्यंत गेली.

आबासाहेब म्हणजे खुंटेवाडीचे. ऐंशी एकर रान, दोन पेट्रोल पंप, आणि गावाची ग्रामपंचायत त्यांच्या ओसरीवरूनच चालते. आमच्याकडं पुढारी कशाचंही अभिनंदन करतो. पोरगं पोलीस भरतीत लागलं, फ्लेक्स. बारसं झालं, फ्लेक्स. दुसऱ्या दिवशी चौकात माझा फ्लेक्स. 'आष्टीचे सुपुत्र, ब्राउझरचे शिल्पकार!' माझं मुंडकं कुणाच्या तरी सुटावर चिकटवलेलं, मागं पृथ्वीचा गोल, आणि वर माझ्या तिप्पट आकाराचे आबासाहेब, हात जोडून.

मी त्यांना भेटून म्हणालो, "आबासाहेब, मी तो बनवला नाही हो. मी नुसता पाडला."

"नाना," ते म्हणाले, "पाडायला बी अक्कल लागती. आमाला इचारा."

तो फ्लेक्स माझ्या डोक्यात गेला. येताजाता मान वर करून मी स्वतःलाच बघायचो. एकदा तर बघता बघता रसवंतीच्या टेबलाला धडकलो. आणि मग मला वाटायला लागलं की एका संगणकावर टिटवी अन् तीन संगणकांवर कंपनीच्या जीपा, हे शिल्पकाराला शोभत नाही. चारही संगणकांवरचे जुने ब्राउझर मी काढून टाकले आणि सगळीकडं टिटवी बसवली.

"एखादं तरी जुनं ऱ्हाऊ द्या, अडीनडीला," विमल म्हणाली.

"लोकांना कळू दे इथं कोण बसलंय."

"कळंल," ती म्हणाली.

आणि नेमक्या ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या.

सरपंचाचा अर्ज हल्ली आधी साईटवर भरावा लागतो. मग त्याची छापील प्रत काढायची, सह्या करायच्या आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तहसीलला नेऊन द्यायची. तीनला दार बंद. त्यात गंमत अशी की कुणीच आधी भरत नाही. आधी भरला तर समोरच्याला कळतं. सगळा तालुका शेवटच्या दिवशी माझ्यासारख्यांच्या दारात.

खुंटेवाडीचा सरपंच मात्र कायम बिनविरोध. यंदा जागा महिलेसाठी राखीव होती, म्हणून आबासाहेबांच्या सूनबाई. बिनविरोध कसा होतो? आबासाहेब कुणाला दम देत नाहीत, शिवी देत नाहीत, फार सभ्य माणूस. त्यांची फक्त एक रीत आहे. शेवटच्या दिवशी सकाळपासून आष्टीतल्या झाडून सगळ्या सेंटरांत, प्रत्येक संगणकासमोर, त्यांचा एकेक माणूस येऊन बसतो. कुणाला पोराचा दाखला बघायचाय, कुणाला कुस्ती बघायचीय. वेळेचे पैसे चोख देतात, उठत मात्र नाहीत. तीन वाजले की उठायचं, पँट झटकायची आणि गाड्या काढून थेट मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवायला.

त्या दिवशी माझ्याकडंही चौघं आले. म्होरक्या बाळू, आबासाहेबांचा ड्रायव्हर.

"नाना, आमी जरा बसतो."

"बसा की. आपलंच आहे."

चौघं चार खुर्च्यांवर बसले. बाळूनं कुस्ती लावली. पैलवानानं शड्डू ठोकला आणि टिंऽऽ, पडदा पांढरा. दुसऱ्यानं तमाशा लावला, बाई नाचायला उभी राहिली आणि टिंऽऽ. तिसऱ्यानं नुसता माउस कोपऱ्यात नेला आणि टिंऽऽ. चौथ्यानं काहीच केलं नव्हतं, तरी टिंऽऽ.

"नाना, कावून असं करतंय हे?"

"अगदी सुरुवातीची आवृत्ती आहे, बाळू. जगात अजून कुणाकडं नाही."

"निवडणुकीची साईट तरी उघडती का?"

मी मोठ्या ऐटीत उघडून दाखवली. पान आलं, पण रांगा एकमेकींत घुसलेल्या, आणि शेवटी जिथं अर्ज पाठवायचं बटण असतं तिथं नुसता रिकामा चौकोन. बाळू हसत सुटला. त्यानं माझ्यादेखत फोन लावला.

"आबासाहेब, नानाच्या हितं बसायची गरज न्हाई. हितं कुणाच्या बापाचा अर्ज भरत न्हाई. हां... हां, नानानं सोताच बंदोबस्त करून ठिवलाय." आणि फोन ठेवून सोबत्यांकडं वळला, "चला बे, उठा."

आष्टीतल्या सगळ्या सेंटरांत माणूस उभा राहायला जागा नव्हती, आणि शिल्पकाराच्या दुकानात पंखा एकटा फिरत होता. एवढा अपमान माझा सासुरवाडीतही झाला नव्हता.

तेवढ्यात शोभा आली.

शोभा खुंटेवाडीच्याच माळावरच्या वस्तीची. ती वस्ती ऊसतोड करणाऱ्यांची. ती आणि तिचा नवरा दर साली कोयता घेऊन कारखान्यावर जातात. सरपंचाचा अर्ज भरायला ती टोळी सोडून एकटीच आली होती. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पदर घामानं भिजलेला.

"नाना, समद्या सेंटरात बसलेत. एक खुर्ची मोकळी न्हाई. तुमच्याकडंच कावून मोकळी हाय?"

"यांच्या करामतीनं," विमल म्हणाली.

मी तिला बसवलं, पाणी दिलं. कशाला उभी राहतेस बाई, म्हणून विचारलं.

"गावात पाण्याची टाकी झाली. तिचा पाइप आमच्या वस्तीच्या दारावरनं गेला, पर वस्तीला तोटी न्हाई. इचारायला गेलं की आबासाहेब म्हंत्यात, तुमी निम्मं साल हितं नसताच, तुमाला कशाला नळ? म्हातारी माणसं, लेकरं हितंच असत्यात की! पर त्यांना आमच्या मताचं काम पडत न्हाई, मग कशाला ऐकत्यात? मी निवडून येईन न येईन, नाना. एकदा त्यांना आमच्या दारात मत मागाया यावं लागलं पायजे. अर्ज तेवढा आत जाऊ द्या."

घड्याळात दीड वाजून गेला होता. मला चौकातला फ्लेक्स आठवला. वर आबासाहेब, खाली मी.

"शोभा, काय आहे," मी म्हणालो, "मशीन बिघडलंय गं."

विमलनं झेरॉक्स बंद केलं. "मशीन बिघडलंय का तुमी?"

मी खुर्ची ओढली.

आधी माझ्या मोबाईलवर बघितलं. साईट उघडली, पण उमेदवाराचा फोटो काही केल्या चढेना. मग जुना ब्राउझर परत उतरवून घ्यायला लावला. सगळ्या आष्टीचं नेट त्या दिवशी एकाच नळीतून येत होतं. ती हिरवी पट्टी इतक्या हळू सरकत होती की तिच्यावर धूळ बसली असती. उरली टिटवी.

आणि तेव्हा मला कळलं की एवढे दिवस ती पाडत बसलो ते वाया गेलं नव्हतं. तिच्या रस्त्यातला एकूण एक खड्डा मला तोंडपाठ होता. तारखेच्या चौकोनात माउस लावायचा नाही, आकडे टाईप करायचे. जातीची यादी उघडली की श्वास रोखून बाणानं खाली उतरायचं. फोटो चढवताना पान निम्मं लहान करायचं. उजव्या वरच्या कोपऱ्यात माउस गेला की संपलंच. मी विमलला हे सांगितलं, तर तिनं कपाळावरची टिकली काढून पडद्याच्या त्या कोपऱ्यात लावली. "हिच्या पल्याड जाऊ नका." आणि गंमत म्हणजे साईटवर ज्या नाचणाऱ्या सूचना असतात त्या टिटवीला दिसतच नव्हत्या. त्यामुळं बाकीच्यांच्या संगणकांना त्या ओढता ओढता धाप लागत होती आणि आमचं पान हलकं होऊन भराभर सरकत होतं.

निम्म्यात आलो आणि माझी बाही अडकली. माउस टिकलीच्या पलीकडं. टिंऽऽ.

सगळं गेलं. मी टेबलावर डोकं ठेवलं.

"पुन्ना भरा," शोभा शांतपणे म्हणाली. "घाई नका करू. घाईत कोयता बी बोटावर बसतो."

पुन्हा भरला. नाव, वय, शौचालयाचा दाखला, घोषणापत्र, फोटो. शेवटी तो रिकामा चौकोन आला.

"आता बटण दाबायचं," मी म्हणालो.

"कुठंय बटण?"

"दिसत नाही, पण आहे."

"म्हंजी आमच्या नळाच्या उलटं," शोभा म्हणाली. "त्यो कागदावर दिसतो, पर न्हाई."

ते बटण माझ्या आवडत्या तक्रारींपैकी एक होतं. कीबोर्डवरून मोजून पुढं सरकलं की ते न दिसताही दाबता येतं. विमलनं नारायणगडाच्या दिशेला हात जोडले, मी डोळे मिटले आणि नसलेलं बटण दाबलं. टिटवी थरथरली. पान पांढरं झालं. आणि त्या पांढऱ्यावर अर्जाचा क्रमांक उमटला.

मी असा ओरडलो की समोरच्या कृषी सेवा केंद्रातला माणूस साप निघाला समजून काठी घेऊन आला.

आता छापील प्रत. आणि इथं मला आठवलं की टिटवीला छापायचं शिकवलेलंच नाही. इंग्रिडबाई म्हणाल्या होत्या, पुढच्या आवृत्तीत बघू. पुढची आवृत्ती पुढच्या महिन्यात, आणि तहसीलचं दार तीनला बंद. तेव्हा शिल्पकाराच्या डोक्यातून जी कल्पना निघाली ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, पण विमल सगळ्यांना सांगतेच, म्हणून लिहून टाकतो. मी मॉनिटर उचलला आणि तोंडावर पालथा करून झेरॉक्स मशीनच्या काचेवर ठेवला. चांगला दाबून धरला. "मार बटण!" विमलनं मारलं. मशीननं उजेड फिरवला आणि कागद बाहेर आला. काळाकुट्ट. त्यावर खालच्या बाजूला माझ्या हाताची चार बोटं मात्र स्वच्छ आली होती.

शोभानं तो कागद उलटासुलटा करून पाहिला. "नाना, ह्याच्यावर मला शिक्का मारतील का?"

"अहो," विमल म्हणाली, "पोरांची हॉल तिकिटं कशी काढता? फाईल उतरवून घेता आन् दुसऱ्या सॉफ्टवेअरातनं छापता. मग हे तसंच न्हाई व्हय?"

तसंच होतं. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी दुसरं काय करतो! पण जगात नाव झालेल्या माणसाला एवढं साधं सुचत नसतं. फाईल उतरवली, छापली, सह्या झाल्या. विमलनं स्कूटी काढली, शोभा मागं बसली आणि दोघी धुरळा उडवत गेल्या. दार बंद व्हायच्या आत अर्ज आत गेला. बाळू दारातच पान खात उभा होता. विमल सांगते की त्याला पान गिळावं का थुंकावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी छाननी. आबासाहेब स्वतः आले, वकील घेऊन. वकिलानं हरकत घेतली. "साहेब, हा अर्ज अपूर्ण, तपासणीखालच्या, परदेशी ब्राउझरमधून भरलेला आहे. असल्या साधनातून भरलेला अर्ज ग्राह्य धरता येत नाही. खुद्द या सेंटरवाल्यानं ते अपूर्ण असल्याचं सगळ्या गावाला सांगितलंय."

अधिकाऱ्यांनी मला पुढं बोलावलं. "तुमचा ब्राउझर नीट चालतो का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आबासाहेब तर फ्लेक्सवरच्यासारखेच हसत होते. चालतो म्हणालो तर खोटं. नाही म्हणालो तर शोभाचा अर्ज गेला. आयुष्यात एकदाच मी कमी बोललो.

"साहेब, काल चालला."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "वकीलसाहेब, उमेदवार बैलगाडीतून आला का चालत आला, हे आम्ही विचारत नाही. अर्ज वेळेत आला? आला. कागद पुरे आहेत? आहेत. मंजूर. पुढचा."

त्या संध्याकाळी चौकातला माझा फ्लेक्स उतरला. त्याचं पुढं काय झालं ते माहीत आहे. खुंटेवाडीत कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर तो घातलाय, तोंड वर करून. पावसात मी भिजतो आणि कडबा कोरडा राहतो. इंग्रिडबाईंना मी सगळं सविस्तर कळवलं. त्यांनी लिहिलं, की कृपा करून पुन्हा असं कुणाच्या निवडणुकीसाठी वापरू नका, आणि ते मॉनिटर पालथा घालायचं नक्की कसं केलंत? मी तीन संगणकांवर जुने ब्राउझर परत बसवले. टिटवी एका कोपऱ्यात ठेवली.

आणि खुंटेवाडीत आबासाहेबांना मत मागायला निघावं लागलं. सूनबाईंना पुढं घालून ते माळावरच्या वस्तीवर आले, हात जोडून. शोभाची सासू दारातच बसली होती. ती म्हणाली, "मताचं बघू, बाबा. आधी हितं बस आन् पाइप दारावरनं जातो तर तोटी कावून न्हाई ते सांग." आबासाहेब बाजेवर बसले. लोक जमले. ते काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण मतदानाच्या आठवडाभर आधी वस्तीला नळ बसला. पाणी आलं त्या दिवशी टोळीतल्या माणसांना फोनवर धारेचा आवाज ऐकवला म्हणे.

शोभा पडली. थोडक्या मतांनी, पण पडली. सगळे म्हणाले, आता नळ बंद होणार, मत घेऊन झालं. मीही तेच म्हणालो.

कारखान्यावर जायच्या आधी, परवाच, दुपारच्या उन्हात शोभा दुकानात आली. काखेत एक जाड फाईल. पंख्याखाली बसली. विमलनं चहा टाकला.

"काय भरायचंय?" मी चष्मा शोधत विचारलं.

"काय न्हाई, नाना."

"मग फाईल?"

तिनं फाईल उघडून दाखवली. आत एकही कागद नव्हता.

"चार दिसापासून नळाला पाणी बारीक येतंय," ती म्हणाली. "म्हणून आबासाहेबांच्या ओसरीवरनं चालत आले, ही फाईल घेऊन. त्यांनी इचारलं, कुठं निघालीस? मी म्हणलं, नानाकडं. आता ही कसला अर्ज भरती म्हणून बाळूला लगेच जीप घेऊन माझ्या मागं धाडलाय. समोर बघा, रसवंतीपाशी हुबा हाय."

मी डोकावलो. बाळू रसाचा ग्लास तोंडाला लावून आमच्या दाराकडंच बघत होता.

शोभानं चहा बशीत ओतून सावकाश संपवला, फाईल काखेत घातली आणि उठली.

"उद्या सकाळी येती बघा धार. मागल्या बारीला बी आलती."